पाणी किती झालं? : सोळा पानांच्या चित्रकथेच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

मार्च संपला. पतसंस्थेत हिशेब सांभाळणाऱ्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे मनात योजलेलं सगळं पाडव्यावर येऊन साठतं. आज संध्याकाळी गुढी उतरवली आणि कपाटातला कार्ट्रिज कागदाचा गठ्ठा खाली काढला.

गेली पाच वर्षं डोक्यात असलेली चित्रकथा आता काढायला घेते आहे. विषय : ऑगस्ट २०१९चा सांगलीचा महापूर, गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवरून दिसलेला. मी त्या माडीवर नव्हते. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं त्या दिवशी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन मी मिरजेला माहेरी गेले. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आणि धाकटे भावजी मागे राहिले, सहा दिवस. गोष्ट आईंची आहे, हात फक्त माझा.

ठरवलेलं : २४ पानं, काळंपांढरं, मूळ चित्रं ए-फोर, छपाई ए-फाइव्ह. दिवाळीच्या फराळाबरोबर नातेवाइकांना आणि गावभागातल्या जुन्या शेजाऱ्यांना द्यायच्या साठ प्रती.

हा छंद कुठून आला तेही इथे एकदा लिहून ठेवते. मामाच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक होते, त्यातला वेताळ मी वाचता येण्याआधी बघितला. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चिंटू सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. अक्षरं आणि चिंटू मला एकदमच यायला लागले. त्याची कात्रणं मी भाताच्या शितानं वहीत चिकटवायची. तीन-चार चौकटींत एक अख्खा दिवस मावतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

१४ एप्रिल, रविवार

आकडेमोड केली. एका पानाला कच्चा आराखडा अर्धा तास, पेन्सिल दोन तास, अक्षरं पाऊण तास, शाई अडीच तास, काळं भरणं आणि दुरुस्ती एक तास. एकूण पावणेसात तास. हे अंदाज नाहीत, मागच्या वर्षीच्या चार पानांच्या कथेला लागलेला खरा वेळ आहे.

माझ्याकडे असलेला वेळ : सकाळी पाच ते सहाला पाच कमी. सहाला नळाला पाणी येतं, मग डबे, लेकीची शाळा, यांची पहिली पाळी असेल तर कुपवाडला सातच्या आत पोचायची घाई. आठवड्याला अशा पाच सकाळी धरल्या तर साडेचार तासांच्या थोडं वर.

२४ पानं म्हणजे १६२ तास, म्हणजे ३५ आठवडे, म्हणजे डिसेंबरचा मध्य. दिवाळी १ नोव्हेंबरला. जमत नाही. १६ पानं केली तर १०८ तास, २४ आठवडे, सप्टेंबरअखेर. शिवाय सोळा पानं म्हणजे बरोबर एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा एक मोठा कागद, छापायलाही सोयीचं.

आठ पानं कमी करायची. कोणती, ते दिवसभर शोधत होते. रात्री कळलं. माझी मिरजेची पाच पानं आणि नंतरच्या छावणीची तीन. मी माडीवर नव्हते, तर पानावरही नसावं. कथा एका माडीवर सुरू होईल आणि तिथेच संपेल.

२१ एप्रिल, रविवार

गच्चीवर कुरडया घातल्या. चीक घोटताना आई बोलत होत्या, आणि मला वही घेता येत नव्हती कारण दोन्ही हात चिकाने भरलेले. म्हणून ऐकलेलं पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले आणि हात धुतल्या धुतल्या लिहून काढलं.

मी पहिल्या आराखड्यात नदीकडून गल्लीत शिरणारी लाट काढली होती. ती दाखवली. आई बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "असं नाही गं आलं. पुढनं नाहीच आलं. मागनं आलं, मोरीतनं. आधी मोरीत बुडबुडे आले. मग गटार भरलं. रस्ता तर कोरडा होता की तेव्हा."

मी पाच वर्षं ही गोष्ट मनात धरून होते आणि तिची सुरुवातच चुकीची धरली होती. नदी चढली की नाल्यांचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं फिरतं. सांगलीत शेरीनाल्याकाठच्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. मला पुस्तकी लाट दिसत होती, आईंना मोरी दिसत होती.

दुसरी गोष्ट. भिंतीवर २००५च्या पुराची खूण होती. सगळ्यांनी सामान त्या खुणेच्या वर चढवलं, फळ्या टाकून, कॉटवर टेबल ठेवून. २००५ला आलं तेवढंच येणार असं सगळी गल्ली धरून चालली होती. धान्याचे डबे, लग्नातले अल्बम, यांची पदवी, सगळं त्या खुणेच्या वितभर वर होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

पहिली तीन पानं बदलावी लागणार. मोरी, गटार, मग भिंतीवरची खूण.

५ मे, रविवार

आठवड्यात चारच सकाळी मिळाल्या. उकाड्यामुळे रात्री झोप लागत नाही आणि पाचला डोळे उघडत नाहीत. शिवाय टाकाच्या निबवरच शाई वाळते, दर दहा रेघांना पुसावी लागते.

पण आज या कामातला सगळ्यात मोठा दिवस.

रात्री साडेनऊनंतर डोकं चालत नाही म्हणून नुसत्या चौकटी आखत बसले होते. चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीला चित्रकथावाले गटर म्हणतात. पट्टी आखता आखता आईंचं वाक्य आठवलं : आधी गटार भरलं.

पाणी चौकटींच्या आत काढायचंच नाही. ते चौकटींच्या मधून येऊ दे. पान ४ पर्यंत मधल्या पट्ट्या पांढऱ्या. पान ५ वर सगळ्यात खालची पट्टी काळी. पुढच्या पानावर काळं थोडं वर. चौकटींतली माणसं चहा पिताहेत, सामान उचलताहेत, फोनवर बोलताहेत, आणि पानाच्या तळापासून काळं चढतंय. त्यांना ते दिसत नाही, वाचणाऱ्याला दिसतं.

मोजमापही लगेच बसवलं. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, तो शून्य धरला. मूळ पानावर एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर. ४० ते ५७ म्हणजे तळापासून १७ सेंटिमीटर. पान १२ वर काळं तिथपर्यंत जाईल, पानाचा अर्ध्याहून जास्त भाग. सांगलीत पुराच्या दिवसांत सगळं गाव फुटांतच बोलतं. दूधवाला, रिक्षावाला, देवळातली माणसं, सगळे एकमेकांना एकच विचारतात. माझं पानही फुटांत बोलेल.

झोपायला बारा वाजले. उद्याची सकाळ बुडणार, ते आधीच धरलं आहे.

१९ मे, रविवार

पानं १ ते ४ पेन्सिलमध्ये झाली. झालेले तास : १९. ठरल्यापेक्षा तीन तास मागे.

या दोन आठवड्यांत एक गोष्ट नीट लक्षात आली, ती सविस्तर लिहिते. वेळ कमी पडतो असं मी नेहमी म्हणत आले. खरी अडचण वेगळी होती : पंचावन्न मिनिटांतली पंधरा मिनिटं मी काल कुठे होते ते शोधण्यात जात होती. कोणत्या चौकटीत उजेड कुठून येतोय, आईंच्या पदराची घडी कुठल्या खांद्यावर, पुढची रेघ जाड की बारीक.

ऑफिसात असं होत नाही, कारण तिथे वहीच्या तळाशी 'पुढे नेले' लिहिलेलं असतं आणि पुढच्या पानावर पहिल्याच ओळीत 'मागील पानावरून आणले'. कुणीही माणूस मधूनच बसला तरी काम पुढे जातं. म्हणून आता मीही शेवटची पाच मिनिटं काढत नाही. चिठ्ठी लिहिते आणि पानाला टाचणी लावून अडकवते. कालची चिठ्ठी : "पुढे नेले : पान ४, चौकट ३. उजेड डावीकडच्या खिडकीतून. कंदिलाची काच राहिली, बारीक निब. आईंचा चेहरा आज काढू नको, आधी हात काढ." सकाळी चिठ्ठी वाचली आणि पाच वाजून दोन मिनिटांनी निब कागदावर होता.

शिवाय चौकट पूर्ण करून थांबायचं नाही. अर्धी रेघ राहिलेली चौकट सकाळी हात धरून बसवते.

२ जून, रविवार

कामं थकव्याप्रमाणे वाटून घेतली. चेहरे आणि हात फक्त सकाळी. अक्षरं रविवारी दुपारी, आई झोपल्यावर, कारण त्याला सलग दीड तास लागतो. चौकटी आखणं, खोडणं, काळं भरणं रात्रीचं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत पट्टीचा एक तुकडा भरून होतो.

काळ्या पट्ट्यांमुळे रात्रीचं काम भरपूर निघालं आहे. पान ५ पासून १२ पर्यंत प्रत्येक पानावर काळं वाढत जाणार. म्हणजे जसजशी मी थकत जाईन तसतसं थकलेल्या हाताला जमणारं काम वाढत जाईल. हे ठरवून केलेलं नाही.

लेकीने खोडायचं काम मागून घेतलं. शाई वाळल्यावर पेन्सिल खोडते, एका दिशेने, हळू, कागदाचा लव उचलू न देता. तिला एकदाच दाखवावं लागलं.

१५ जून, शनिवार

शाळा सुरू. लेक पाचवीत, यंदा शिष्यवृत्तीची परीक्षा, त्यामुळे संध्याकाळचा एक तास तिच्या गणिताचा. पुस्तकांना कव्हरं घालण्यात तीन रात्री गेल्या. चित्राचं काम नाही.

२३ जून, रविवार

अक्षरांचा दिवस. हाताने लिहिते आहे. फॉन्ट वापरून पाहिला, पण आईंचं बोलणं त्यात छापील बातमीसारखं दिसलं.

देवनागरी फुग्यात बसवणं हे वेगळंच शिकणं आहे. इंग्रजी चित्रकथांत सगळी मोठी अक्षरं वापरतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटवून विटांसारख्या रचता येतात. आपल्याकडे ओळीच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. 'पूर' आणि 'किती' एकाखाली एक आले की हमखास. मी अक्षरासाठी ४ मिलिमीटर, वर २, खाली २, अशी आठ मिलिमीटरची ओळ ठरवली. ए-फाइव्हला छोटी झाल्यावर साडेपाचच्या थोडी वर राहते, चष्म्याशिवाय वाचता येते. आईंनी हात लांब धरून वाचून पाहिलं.

म्हणजे एका फुग्यात चार ओळी, बारा-तेरा शब्द. त्याहून मोठं वाक्य असेल तर ते दोन फुग्यांत तोडायचं. आईंचं बोलणं तसंही तुटक आहे, त्यामुळे कुठे कापावं लागलं नाही.

शिरोरेषेचीही एक गोष्ट. फुग्याच्या वरच्या कडेला समांतर शिरोरेषा आली की दोन रेघा एकत्र दिसतात आणि फुगा दबल्यासारखा वाटतो. वर जास्त जागा सोडली, खाली कमी. फुगा आधी आणि मजकूर मग, हे तर कधीच करायचं नाही. आधी अक्षरं, त्यांच्याभोवती फुगा, उरलेल्या जागेत चित्र.

७ जुलै, रविवार

पावसाने कागद दमट झाला. शाई फुटते. बारीक रेघेला केस फुटतात, विशेषतः चेहऱ्यावर. तीन सकाळी वाया गेल्या असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. त्या तीन सकाळींत उपाय सापडला : कागदावर आदल्या रात्री कोमट इस्त्री फिरवायची, मग पानं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून स्टीलच्या कपाटात. सकाळी एकच पान बाहेर. निबऐवजी पाण्याला न विरघळणाऱ्या शाईचं पेन चेहऱ्यापुरतं वापरलं.

मोठं काळं ब्रशने भरलं की कागद फुगतो आणि सुकल्यावर वाकडा होतो. स्कॅनरवर सपाट बसणार नाही. म्हणून रात्री फक्त काळ्याची कड आणि तिथून वितभर भाग ब्रशने भरते, उरलेलं स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर. कड हाताचीच हवी. पाण्याची कड पट्टीने आखलेली दिसली तर ते पाणी वाटत नाही.

पान ८ पर्यंत पेन्सिल, पान ६ पर्यंत शाई. झालेले तास : ४९.

१४ जुलै, रविवार

लेकीने आज सगळी पानं ओळीने फरशीवर मांडली आणि बघितली. मग विचारलं, "मी कुठंय?"

मी सांगितलं, आपण मिरजेला होतो, म्हणून नाही.

"पण मी रोज फोन करत होते ना आजीला."

करत होती. पाच वर्षांची होती, रोज संध्याकाळी फोन मागायची आणि एकच वाक्य बोलायची : आजी, पाणी किती झालं? मिरजेत मोठी माणसं एकमेकांना तेच विचारत होती, तिनं ते उचललं होतं. चौथ्या दिवशी फोन लागला नाही. आईंच्या मोबाइलची बॅटरी संपली होती, वीज आधीच गेलेली.

मी हे पूर्णपणे विसरले होते. म्हणजे प्रसंग आठवत होता, पण तो या कथेचा आहे हे सुचलं नव्हतं. मिरजेची पानं काढून टाकणं बरोबरच होतं. पण फोनमधून येणारा आवाज तर माडीवरच होता. पान ५, ७ आणि ९ वर मोबाइलमधून निघालेला दातेरी कडेचा छोटा फुगा : "आजी, पाणी किती झालं?" पान १० वर आई फोन कानाला लावून बसल्या आहेत आणि फुगा नाही.

नावही मिळालं.

पान ५ आणि ७ ची शाई झाली होती किंवा चालू होती. जागा करायला दोन चौकटी कापून नव्या कागदावर काढून चिकटवल्या. सांधा स्कॅनमध्ये दिसणार नाही, तपासून घेतलं.

२६ जुलै, शुक्रवार

नदी चढते आहे. पाणी इशारा पातळीकडे चाललं आहे. आम्ही आता विश्रामबागेत राहतो, इथे पाणी येत नाही. तरीही आई सकाळपासून गॅलरीत बसून आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारताहेत. गावभागातल्या दोन ओळखीच्या घरांतलं सामान काल आमच्या हॉलमध्ये आलं : शिलाई मशीन, दोन पेट्या, एक देव्हारा.

चित्राचं काम नाही. पान ९ बाहेर काढलं आणि परत ठेवलं. पाणी खरोखर चढत असताना ते कागदावर चढवायला हात धजला नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पाणी ओसरलं. सामान परत गेलं, मशीन न्यायला आलेल्या काकू जाताना दारात रडल्या.

या आठ दिवसांत चित्र काढलं नाही, पण आईंना गॅलरीत बसलेलं बघत होते. त्या पाठ टेकत नाहीत. डावा हात मांडीवर, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो, जप नाही, मोजणं. पान ९, १० आणि ११ वर आई भिंतीला टेकून बसलेल्या काढल्या होत्या. तिन्ही पानांवरच्या सात चौकटी पुन्हा पेन्सिल केल्या. साडेचार तास जास्तीचे. ते वाचवायचे नव्हतेच.

११ ऑगस्ट, रविवार

पान ११ आणि १२. फोन बंद झाल्यानंतरची दोन पानं.

आधी त्यांत आवाज भरले होते. पाण्याचा खळखळाट, बोटीचं इंजिन, पावसाची टपटप. मराठीत आवाजाचे शब्द किती! धडाम, खळ्ळकन, चुबुक, सळसळ, भस्सकन. चित्रकथा काढणाऱ्याला ही श्रीमंतीच आहे, आणि आवाज अक्षरांच्या आकारातून दिसतो : 'धडाम'चा ध फुगवता येतो, 'सर्र'चा रफार लांब ओढता येतो. मला ते सगळं काढायचं होतं.

पानं आईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "आवाज नव्हता गं. तेच तर. गाडी नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. पाणी तर बोलतच नव्हतं. रात्री फक्त खालच्या खोलीत भांडी."

कसली भांडी, विचारलं. खालचं घर बुडालं होतं, त्यात रिकामी पातेली आणि डबे तरंगत होते. पाणी जरा हललं की एकमेकांवर आणि छताच्या तुळईवर आपटायचे. रात्रभर. मध्येच एकदा. टण्.

शि. द. फडणीसांची शब्दांशिवायची चित्रं बघतच मी मोठी झाले. शब्द काढून घेतले की डोळा चित्रात जास्त वेळ राहतो, हे त्यांच्या मुखपृष्ठांनी शिकवलं. तिथे हसू येतं, इथे येणार नाही, पण डोळा थांबणं तेच. दोन्ही पानांवरचे सगळे आवाज खोडले. पान १२ वर काळं १७ सेंटिमीटरपर्यंत, त्याच्या वर एकच चौकट, अंधारात जाग्या असलेल्या आई. आणि काळ्याच्या आत, खाली, पांढऱ्या बारीक अक्षरांत एकदाच : टण्.

गल्लीतल्या लोकांनी गच्चीवरून गच्चीवर दोरी टाकून बादलीतून भाकऱ्या पोचवल्या, ते पान १० वर आहे. पुरातून माणसांना नेणारी ब्रह्मनाळ गावची नाव ८ ऑगस्ट २०१९ला उलटली, ती बातमीही अशीच एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर आली. त्यानंतर बोट दाराशी आली तेव्हा आईंनी चढायला नकार दिला. नाव मी काढलेली नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या परवानगीशिवाय ते काढायचा मला हक्क नाही. फक्त बातमी सांगणारा माणूस आणि ती ऐकल्यावरचे आईंचे हात काढले.

१ सप्टेंबर, रविवार

पान १२ ची शाई पूर्ण. तास : ८९. ठरल्याप्रमाणे आता ९२ व्हायला हवे होते, पण नव्याने काढलेल्या चौकटींचे तास यातच आहेत, त्यामुळे पानं मागे आहेत. चार पानं बाकी.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती, गौरी. काम नाही. ठरवतानाच हे दिवस रिकामे सोडले होते.

२२ सप्टेंबर, रविवार

सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. अहवाल, ताळेबंद, सभासदांची यादी, रात्री नऊला घरी. सकाळी पाचला उठून डोळ्यांपुढे आकडे येतात. या पंधरवड्यात दोनच सकाळी, त्याही पेन्सिलच्या.

शेवटची चार पानं ठरल्याप्रमाणे, म्हणजे २२ चौकटींची, होणार नाहीत. दिवाळी पुढे ढकलता येत नाही. घाईने काढलेले चेहरे मला नको आहेत. तेव्हा चौकटी कमी करायच्या. पान १४ आणि १५ समोरासमोर येतात. दोन्ही मिळून एकच चित्र : ओसरल्यानंतरची खालच्या खोलीची भिंत. २००५ची खूण, तिच्या वर २०१९ची चिखलाची रेघ. मधे टेबल, त्यावरचे अल्बम, फुगलेले. माणूस नाही, फुगा नाही. गटरही नाही, कारण पाणी गेलं.

चौकटी २२ वरून ९ झाल्या. हे चित्र मला तेव्हा सुचलं असतं तर मी वेळ असतानाही असंच काढलं असतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

पाटीपूजनात लेकीच्या वह्यांशेजारी टाक, ब्रश आणि पान १६ ठेवलं. पान कोरडं नव्हतं म्हणून हळद-कुंकू कडेच्या कोऱ्या भागावर वाहिलं.

चिखल ब्रशने जमत नव्हता. जवळजवळ कोरडा ब्रश कागदावर घासत नेला तर कापडासारखा दिसत होता. शेवटी जुनं टॉवेलचं फडकं शाईत बुडवून पिळलं आणि टेकवत गेले. त्यात चिखलाचं वजन आलं.

शाईचं काम संपलं. तास : १११.

१३ ते २० ऑक्टोबर

स्कॅनिंग, ६०० डीपीआय, ग्रेस्केल. मग उजेड-अंधार ताणून शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेलं काळं भरलं.

एक चूक आधी लक्षात यायला हवी होती. काळं पाणी पानाच्या कडेपर्यंत जातं, म्हणजे छापताना कडेबाहेर तीन मिलिमीटर जास्त हवं, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते. माझी मूळ चित्रं नेमकी ए-फोर, स्कॅनरही ए-फोर. सोळापैकी आठ पानांवर काळ्याची कड कॉम्प्युटरवर बाहेर ओढावी लागली. पुढच्या वेळी चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा कागद.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नमुना प्रत आली. आतली पानं १०० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठ आर्ट कार्ड, मधे पिना. पान १४-१५ वरची चिखलाची रेघ दोन पानांच्या सांध्यावर जुळत नव्हती, दोन मिलिमीटर वरखाली. छपाईच्या ठिकाणी सांगितलं की एवढं चालतं. इतर कुठे चाललं असतं. इथे ती रेघ म्हणजेच चित्र आहे. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा गेले, पान १५ दोन मिलिमीटर खाली सरकवून नवी फाइल दिली, दुसरा नमुना समोर उभं राहून काढून घेतला. जुळली.

साठ प्रती, एका प्रतीला ४६ रुपये, एकूण २,७६०.

२८ ऑक्टोबर, वसुबारस

प्रती घरी आल्या. चकलीचा घाणा चालू होता म्हणून गठ्ठा रात्री दहाला उघडला.

आईंनी पहिली प्रत घेतली. भिंग लावून, एकेका पानावर बोट ठेवून वाचली. पान १२ वर बराच वेळ थांबल्या. 'टण्' त्यांना सापडलं. काही बोलल्या नाहीत. पान १४-१५ वर मात्र पेन्सिल मागितली आणि २०१९ची रेघ आहे त्याच्या बोटभर वर एक बारीक खूण केली. "अल्बमच्या वरनं गेलं होतं. तू खाली काढलंयस."

रेघ अल्बमच्या मध्यावर आहे. आता साठही प्रतींत तशीच राहील. आईंची खूण असलेली प्रत मी माझ्याजवळ ठेवली.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

गावभागात जुन्या गल्लीत नऊ प्रती दिल्या. बादलीतून भाकऱ्या पाठवणाऱ्या काकांनी उभ्या उभ्या पान १० उघडलं, मग आत जाऊन घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. आमचं घर आता दुसऱ्या कुणाचं आहे, रंग नवा आहे. त्यांनी आत येऊ दिलं. कपाटामागे रंग पोचलेला नाही, तिथे रेघ अजून आहे. मोबाइलच्या उजेडात टेपने मोजून घेतली, फरशीपासून २ मीटर १४.

मिरजेला माहेरी पाच प्रती. लेकीने मामाला तिचे फुगे दाखवले, पान ५, ७ आणि ९.

१० नोव्हेंबर, रविवार

उरलेल्या प्रती १९. मूळ पानं बटरपेपर घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळली, मग पत्र्याच्या पेटीत. पेटी पलंगाखाली सरकवत होते तेवढ्यात आई आल्या. पलंगाखाली नको म्हणाल्या. विश्रामबागेत पाणी येत नाही हे मी सांगितलं नाही. ह्यांनी स्टूल धरलं आणि पेटी माळ्यावर ठेवली, आईंनी दाखवलेल्या कोपऱ्यात, अगदी वरच्या फळीवर.

पुढे नेले : पान १५, चिखलाची रेघ, बोटभर वर.